आर्सेनियो मास्तरांचा सेट

शनिवारी शाळेला सुट्टी होती, म्हणून लुदिविना सकाळच्या जीपनीने, म्हणजे वडापच्या गाडीने, बोरोंगान शहरात रेडिओचा सेट आणायला गेली. बाजारामागच्या गल्लीत, सुक्या मासळीच्या दुकानाला लागून मानो फिदेन्सिओची खोली होती. मानो म्हणजे दादा. सगळा बाजार त्याला मानोच म्हणायचा. उभी हयात त्याने जहाजांवर रेडिओ सांभाळला होता. आता तो लोकांचे पंखे दुरुस्त करायचा, पण कोणी जुना वाल्वचा सेट आणून ठेवला की पंखे कोपऱ्यात जायचे आणि म्हातारा जेवणखाण विसरायचा.

लुदिविनाच्या वडिलांचा सेट त्याच्याकडे बरेच महिने होता. परवाना काढून, घरबसल्या देशोदेशीच्या हौशी लोकांशी बोलायचा सेट. जपानी बनावटीचा, पत्र्याच्या ट्रंकेसारखा जड, पुढे मोठी गोल तबकडी. वादळात तो खाऱ्या पाण्यात बुडाला होता. मानोने तो गोड्या पाण्याने धुतला, उन्हात वाळवला, ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळून घेतला, वाल्व कुठूनकुठून मागवले.

"आतलं निम्मं नवं आहे," तो म्हणाला. "स्पीकर मात्र तुझ्या बापाचाच. बदलावासा वाटला नाही." मग सेट पोत्यात बांधताना हसला. "नवरा आणायच्या वयात हे धूड घरी नेतेयस. बरं आहे म्हणा, बंद तरी करता येतं."

आपल्या गावी, बागांबोनला, पोचेपर्यंत दुपार झाली. आई, बेनिता, ओसरीवर मासे साफ करत होती. पोतं पाहून तिने सुरी खाली ठेवली.

"हे घरात नको."

"नानाय, तातायची एवढी एकच वस्तू उरलीय." आईला ती नानाय म्हणायची आणि वडिलांना ताताय.

"म्हणूनच नको," आई म्हणाली आणि पुन्हा माशांकडे वळली. पण त्या दिवसापासून दिवस कलला की ती जपमाळ घेऊन शेजारच्या चॅपेलमध्ये जाऊन बसू लागली, आणि घरातला सेट बंद झाल्याशिवाय परत येईना.

लुदिविनाचे वडील, आर्सेनियो मास्तर, शाळेत गणित शिकवायचे. त्या मोठ्या वादळात फोनचे मनोरे पडले तेव्हा गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध उरला तो त्यांच्या सेटपुरता. बायकोला त्यांनी चर्चच्या टेकडीवर पाठवलं आणि स्वतः मोटारीच्या बॅटरीवर सेट लावून मदतीसाठी हाका मारत बसले. मग समुद्र आत आला. पाणी ओसरल्यावर मास्तर शाळेमागच्या दलदलीत, चिखलात वाढणाऱ्या निपा माडांच्या मुळांत अडकलेले सापडले. लुदिविना तेव्हा सेबूला कॉलेजात होती. घरी पोचली तेव्हा वडिलांना पुरूनही झालं होतं. चेहरा बघायला मिळाला नाही, आवाज ऐकायला मिळाला नाही. गेल्या वर्षी ती बदली मागून गावच्या शाळेत शिकवायला आली, आणि चर्चच्या अडगळीत पोत्यात पडलेला सेट तिने हुडकून काढला.

वडिलांनीच तिला लहानपणी शिकवलं होतं, म्हणून हात आपोआप चालले. दोन माडांच्या मध्ये एरियलची तार ताणली. सेट सुरू केला की वाल्व तापायला वेळ लागतो. तोवर तबकडीमागे पिवळा दिवा पेटतो आणि तापलेल्या धुळीचा वास खोलीभर पसरतो. त्या वासामागून दलदलीच्या चिखलाचा वास यायचा. मानोने इतकं धुऊनही तो गेला नव्हता. मग स्पीकरमधून खरखर सुरू व्हायची. दिवस मावळताना दूरचे आवाज उघडतात. कधी दावावचा एखादा गप्पिष्ट, कधी जपानी म्हातारे, कधी इंडोनेशियातले कोळी. लुदिविना बहुतेक वेळा नुसती ऐकत बसायची.

असंच एका संध्याकाळी तबकडी फिरवताना खरखरीच्या तळाशी एक आवाज लागला. फार क्षीण, येतोय आणि जातोय. माणूस सावकाश, शब्द तोडून बोलत होता, वर्गात गणित सांगावं तसा. वारा आता समुद्राकडून फिरलाय... शाळेचे पत्रे गेले... धक्क्यावरच्या होड्या रस्त्यावर आल्यात... कोणी ऐकत असेल तर उत्तर द्या. मग त्याने आपला कॉलसाइन, परवान्यावरची ओळखखूण, सांगितला.

तो कॉलसाइन तिने लहानपणी कवितेसारखा पाठ केला होता. मास्तर गेल्यावर तो दुसऱ्या कोणाला दिला गेला नव्हता.

बाहेर वाऱ्याची झुळूकही नव्हती. माडांच्या झावळ्या चित्रासारख्या स्तब्ध होत्या.

तिने स्वतःची समजूत घातली, की कोणीतरी जुनी टेप वाजवतंय. असले विकृत लोक असतात. पण झोपताना तिच्या लक्षात आलं, की टेप करायला आधी कोणीतरी ऐकायला हवं होतं. आणि वादळाच्या दिवशी मास्तरांना ऐकलेला एकही माणूस या देशात सापडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने मानोला फोन करून फ्रिक्वेन्सी सांगितली आणि अंधारायच्या वेळी ऐकत राहायला सांगितलं. आई चॅपेलला गेली. लुदिविनाने सेट तापवला. सूर्य डोंगराआड गेला तसा तो आवाज आला, त्याच शब्दांनी. शाळेचे पत्रे... होड्या... कोणी ऐकत असेल तर.

तिने माइक उचलून बटण दाबलं. सेट ऐकण्यावरून बोलण्यावर नेणारा रिले कटकन वाजला, मीटरचा काटा वर गेला.

"ऐकू येतंय," ती म्हणाली. मग तिने बटण सोडलं.

पलीकडे खरखर. मग तो आवाज, एकदम हलका झालेला. "देवा... बाई, तुम्ही मला ऐकणाऱ्या पहिल्याच. आवाज तुटक येतोय. तुम्ही कुठून बोलताय? ओव्हर."

त्याने तिला ओळखलं नव्हतं. ओळखणार कसा? त्याची मुलगी सेबूला होती, एकोणीस वर्षांची, पातळ आवाजाची. लुदिविनाला रडू फुटलं, पण रडायला वेळ नव्हता. तिने माइक ओठांना लावला आणि भराभर सांगितलं, की सेट सोडा, आत्ताच्या आत्ता उठा, टेकडीवर जा. मदत येणार नाहीये. कोणीही येणार नाहीये. तिथेच थांबलात तर पाणी गाठेल.

तिने बटण सोडलं. आवाज बुडाला, वर आला.

"...कळलं बाई. मदत येणार. तिथेच थांब म्हणालात. थांबतो. गावातली माणसं टेकडीवर आहेत, बायका-पोरं आहेत, त्यांना सांगतो मदत येतेय म्हणून. देव तुमचं भलं करो. तुम्ही जाऊ नका हां... बोलत राहा. ओव्हर."

"नाही! ताताय, नाही. मदत नाही..."

ती किती वेळ बोलत होती कोण जाणे. पलीकडून फक्त खरखर येत राहिली आणि मग जपानी म्हाताऱ्यांचं हसणं.

फोन वाजला. मानो होता. "कोणाशी बोलत होतीस गं? मला तर फक्त तूच ऐकू येत होतीस. तेही तुटक तुटक..."

तिने फोन ठेवला.

आई परत आली तेव्हा दिवा न लावता लुदिविना जमिनीवर बसलेली होती. सगळं सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तिने सांगितलं. आई वेड्यात काढेल, ओरडेल, असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. आई सावकाश भिंतीला टेकून खाली बसली. आणि इतक्या वर्षांत जे तिने पाद्रीबाबालाही सांगितलं नव्हतं, ते त्या अंधारात बोलली.

टेकडीच्या अर्ध्या वाटेवरून ती परत फिरली होती. नवऱ्याला ओढून न्यायला. दारात उभी राहिली तेव्हा सेटमधून एका बाईचा आवाज येत होता. रडवेला, जवळिकीचा. मास्तर माइकला चिकटून हसत होते, असे, की ते हसू बेनिताने लग्नाआधीच्या दिवसांनंतर पाहिलं नव्हतं. तिने हात धरला तर त्यांनी तो सोडवून घेतला. ती म्हणतेय मदत येतेय, म्हणाले. इथेच थांब म्हणतेय. तू हो पुढे, मी तिला एकटं सोडून येऊ शकत नाही.

"एकटं सोडून," आई म्हणाली. "बायको दारात भिजत उभी, आणि तिला एकटं सोडवेना. मी शिव्या देत निघून गेले. वाटलं, ठेवली असेल कुठेतरी एक, रात्र रात्र बोलत बसायचे ना. नऊ दिवस मेणबत्त्या लावल्या त्यांच्यासाठी, पण मनातून माफ केलं नाही कधी. आणि ती तू होतीस..."

स्वयंपाकघरात भात करपल्याचा वास येत होता, पण कोणी उठलं नाही.

मग आईच म्हणाली, "उद्या बोलू नकोस. कोणी उत्तरच दिलं नाही, तर तो उठेल. मी ओळखते त्याला. आळशी माणूस. कोणी बोलायला नसेल तर उठेल आणि येईल."

लुदिविनाला हे वेडेपणाचं वाटलं. तिने वडिलांचं थडगं धुतलेलं होतं. पण आईच्या आवाजात इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी जागं झालं होतं. तिला नाही म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी आई चॅपेलला गेली नाही. अंघोळ करून, केस विंचरून, रविवारचा झगा घालून ती सेटपुढे बसली, जणू कोणी भेटायला येणार आहे. लुदिविनाने माइकची पिन सेटमधून उपटून काढली आणि माइक आईच्या मांडीवर ठेवला. आईने तो झग्यात गुंडाळून दोन्ही हातांनी धरला, कोंबडीचं पिल्लू धरावं तसा.

वाल्व तापले. चिखलाचा वास आला. बाहेर उजेड जांभळा झाला आणि मास्तर बोलू लागले.

आईचे नुसते ओठ हलत राहिले.

शाळेचे पत्रे... होड्या... कोणी ऐकत असेल तर. थांबले. पुन्हा हाक. पुन्हा थांबले. त्यांच्या मागे वाऱ्याचा घुमणारा आवाज होता आणि दार आपटत होतं. तिसऱ्यांदा हाक मारताना मास्तरांचा आवाज दमलेला होता.

"कोणी नाही," ते म्हणाले. "ठीक आहे. बेनिता वाट बघत असेल. मी सेट बंद करून टेकडीवर जातो..."

"जा," आई कुजबुजली. "ऊठ, जा..."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अगदी स्पष्ट. लुदिविनाने आईचा खांदा घट्ट धरला.

आणि मग स्पीकरमधून एक बाई बोलली.

"ताताय... ऐकू येतंय."

मीटरचा काटा हलला नव्हता. रिले वाजला नव्हता. माइक आईच्या मांडीवर झग्यात होता, त्याची वायर जमिनीवर लोंबत होती. आवाज मात्र लुदिविनाचा होता. तिचाच, पण बसलेला, घोगरा, वर्षानुवर्षं वापरून झिजलेला.

खुर्ची पुन्हा पुढे सरकली. "देवा," मास्तर हसले, "बाई, तुम्ही मला ऐकणाऱ्या पहिल्याच..."

"हाच," आई म्हणाली. "दारातून ऐकला तो हाच. कालचा तुझा नव्हे. हाच."

घोगरा आवाज खरखरीतून बोलत राहिला. विनवत होता, रडत होता, पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. कितीदा सांगून झालं असेल कोण जाणे. शेवटी, आवाज बुडत असताना, तो जरा शांत झाला. "इथेही पाणी उंबऱ्याला लागलंय, ताताय. नानाय गेल्यापासून मी एकटीच आहे. पण तुम्ही बोलताय तोवर मी उठणार नाही..."

लुदिविनाने सेटची विजेची वायर भिंतीतून उपटली. दिवा विझला.

रविवारी मिस्सा झाल्यावर मानो फिदेन्सिओ होडी घेऊन आला. खाडीच्या तोंडाशी, जिथे तळ लागत नाही, तिथे तिघांनी मिळून सेट पाण्यात सोडला. माडांवरची तार काढली, टेबल शेजाऱ्यांना देऊन टाकलं. आईने त्या आठवड्यात मास्तरांच्या थडग्याशी बसून पहिल्यांदा मोकळेपणाने रडून घेतलं. घरात पुन्हा वेळेवर चूल पेटू लागली.

पावसाळा सरता सरता लुदिविनाला सर्दी झाली. साधी सर्दी. ताप उतरला, खोकला गेला. आवाज तेवढा पहिल्यासारखा झाला नाही, बसलेला, घोगराच राहिला. बोरोंगानच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं, सगळं ठीक आहे म्हणाले, बोलणं कमी करा म्हणाले.

आई आता तिला घरात बोलू देत नाही. काही हवं असलं तर लुदिविना टेबलावर बोटांनी टकटक करते. एका संध्याकाळी मागच्या दारी साप दिसला म्हणून तिने नकळत आईला जोराने हाक मारली. आई चुलीपाशी होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. नुसते दोन्ही कान झाकून घेतले आणि म्हणाली,

"अजून नको गं... अजून मी आहे."