ओझेलाच्या डावीकडे कोण बसलं?

देवाशप्पथ सांगते, यातला शब्दन् शब्द खरा! खोटं निघालं तर जीभ झडो माझी.

साल एकोणीसशे छत्तीस. ऑगस्टातला शनिवार, शिकागोची दक्षिण बाजू. आणि भर दुपार हो! रात्र बित्र काही नाही.

माझी ओझेला आत्या पर्व्हिसच्या नाचघरात पियानोवर बसली होती. त्या दिवशी वाजवणाऱ्यांची चढाओढ होती, ज्याचा ठेका तुटला तो हरला. जिंकली तर तिथली कायमची जागा तिची. आजवर एकाही बाईला ती मिळाली नव्हती. हरली, तर सोमवारपासून पुन्हा लोकांचे कपडे धुवायचे.

बुगी-वुगी म्हणजे पियानोवरचं नाचाचं संगीत, त्यात डावा हात आगगाडीसारखा धावतो. तो थांबला की नाचणारे अडखळतात. म्हणून आमच्यात रीत आहे. वाजवणारा थकला की दुसऱ्यानं डावीकडून बाकावर सरकायचं, ठेका उचलायचा, मगच पहिल्यानं हात काढायचा.

आत्यानंतर पाळी एल्मोरची होती, तोही पियानो वाजवणाराच.

तो उठलाच नाही. तळलेला मासा खात बसला.

"एल्मोरदादा, या की आता!" आत्या ओरडली.

"काटे फार आहेत गं. वाजव तू. का दमलीस?"

"दमेल तुमची सासू!"

सगळे हसले. पर्व्हिस मात्र हसला नाही. तो तिच्या डाव्या हाताकडे बघत होता.

ठेका तुटण्याचीच वाट बघत होता मेला.

आत्याचं मनगट भरून आलं. मग कोपर. मग दंडात असा गोळा आला, की बोटंच वळेनात...

हात सुटला.

गेलं सगळं, तिला वाटलं.

पण...

ठेका चालूच होता.

बाक करकरला. डावीकडे खाली दबला. कुणी बसल्यावर दबतो तसा.

आत्यानं मान वळवली नाही. उजवा हात चालू ठेवला.

नाचणारे नाचतच होते. कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

फक्त एल्मोरच्या हातातला मासा खाली पडला.

"ओझेला..." तो म्हणाला. "तुझा डावा हात... मांडीवर आहे."

"ठाऊक आहे. गप्प बसा."

गाणं संपलं. आत्यानं उजवा हात उचलला.

डावीकडचा ठेका आणखी थोडा वाजला... मग थांबला.

डावीकडच्या पट्ट्या ओल्या होत्या, ओल्या हातांनी वाजवल्यासारख्या. चिंब.

जागा आत्याला मिळाली. पुढं रेकॉर्डी निघाल्या, पार न्यूयॉर्कपर्यंत नाव झालं. पण ती कधी बाकाच्या मधोमध बसली नाही, डावीकडे जागा सोडायची. कुणी विचारलं की म्हणायची, "मला ऐसपैस लागतं."

तिच्या रेकॉर्डी आहेत माझ्याकडे. लावते कधीकधी. सगळ्यांत तो डावा हात तिचाच आहे का... नाही सांगता येत मला.

बरं, एक गोष्ट मी पदरची घातली. तुम्ही घाबराल म्हणून.

दंडात गोळा बिळा काही आला नव्हता.

कुणीतरी तिचं मनगट धरलं... आणि हात अलगद उचलून तिच्या मांडीवर ठेवला.