चाळीस ठोके

अकोटहून मेळघाटात लस पोचवायची होती, आणि तीही दिवस मावळायच्या आत! लाकूडतोड्यांच्या तळावर पटकीच्या साथीनं नऊ माणसं गेली होती. साठजण अजून धड होते. साल एकोणीसशे एकोणतीस, वैशाख. तिथवर सडक नव्हती. पायी धावणाराच पोचला तर पोचणार.

शालिकराम बारा वर्षं त्या रानातून डाक घेऊन धावत होता. निघण्याआधी डॉक्टर वामनरावांनी त्याच्या छातीला नळी लावली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मिनिटाला चाळीसच ठोके! हृदयही वाढलेलं वाटतं. तू जाऊ नकोस."

"मंग कोन जाईन, डाक्टरसायेब? रानातली वाट मलेच ठाव हाये."

"दादासंगं मी जातो," त्याच्या बहिणीचा, सत्यवतीचा नवरा भगवंत म्हणाला. तोही डाकवालाच, तिशीच्या आतला. त्याची छाती तपासायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

ओल्या फडक्यांत गुंडाळलेल्या बाटल्या पाठीला बांधून दोघं निघाले. मागून तट्टावर डॉक्टर.

पोपटखेड गाव मागं पडलं. पानं झडलेला साग करडा, मुका उभा होता. पाणवठे आटून त्यांच्या तळाशी भेगाळलेला चिखल तेवढा उरला होता. शालिकराम आज पहिल्यांदाच स्वतःच्या छातीकडे कान देऊन धावत होता. आत काही तुटेल का? केव्हा?

घाटाच्या तोंडाशी धूर दिसला.

वणवा! वाट बंद!

तो डावीकडच्या कोरड्या नाल्यात उतरला. दगड तव्यासारखे तापलेले. पायाखालून गोटे निसटत होते. डोक्यावरून ठिणग्या उडत होत्या.

"थांबू नको, भगवंता! चाल!"

चढ संपला. त्याची छाती भात्यासारखी हलत होती, पण आतला ठोका ठाम होता. मागं मात्र पावलांचा आवाज नव्हता!

भगवंत एका शिळेला टेकून बसला होता. ओठ निळे, अंग चटका बसावा इतकं गरम.

"कवापासून ताप हाये तुले?"

"दोन दिस झाले."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तू एकलाच निघाला असता, दादा... आन् तुई छाती तशी..."

पुढचे शब्द आलेच नाहीत. शालिकरामनं त्याला हलवलं, हाका मारल्या. भगवंतची मान त्याच्या मांडीवर कलंडली.

घटकाभरानं डॉक्टर तट्टू सोडून धापा टाकत आले. त्यांनी नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही.

"तापानं याचं हृदय आधीच सुजलं असणार. तशात हा धावला," ते म्हणाले. "तुझं धावून धावून मोठं झालंय, म्हणून सावकाश चालतं. ते दुखणं नव्हतंच, शालिकराम. मी चुकीच्या छातीला नळी लावली."

भगवंतच्या पाठीवरच्या बाटल्या शालिकरामनं सोडल्या, स्वतःच्या पाठीला बांधल्या आणि धावत सुटला. रडायला दम लागतो, तो त्यानं राखून ठेवला.

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा तो तळावर पोचला. तळावरच्या कंपाउंडरनं लगेच टोचायला सुरुवात केली. त्या साठांतले दोघेच पुढं दगावले.

सकाळी शालिकरामबरोबर घाटात आलेल्या लाकूडतोड्यांनी भगवंतला बांबूंवर उचललं.

"तू पुढं धावत जा, सत्यवतीला सांग," रात्रभर भगवंतपाशी बसलेले डॉक्टर म्हणाले.

शालिकरामनं मान हलवली.

"नाई, सायेब. तिले जेवढं उशिरा समजन, तेवढं बरं."

आणि तो तिरडीच्या बाजूनं, एकेक पाऊल टाकत चालू लागला.