जस्ती पानांचं झाड

पानाच्या कडेला खाच होती. तांदळाच्या कणीएवढीच; पण खाचेतला पत्रा करडा, निस्तेज होता आणि बाकीचं पान चकचकीत. टॅम्सिनने शेजारचं पान पाहिलं. त्यालाही खाच. खालच्या पानाला दोन.

"रीस, इकडे ये. पॉप पानं अशी कापतात का रे?"

"पॉप?" तिचा मामेभाऊ पिंजऱ्याच्या दारातूनच म्हणाला. "कड जरा वाकडी गेली तर अख्खं पान फेकून देतात ते!"

पॉप म्हणजे दोघांचे आजोबा. सुट्टीत दोघं त्यांच्याकडेच राहायला येत. निवृत्त झाल्यापासून पॉपना एकच नाद होता: कुंपणाची जस्ती तार पिळून झाडं करायची. आधी टेबलावर मावणारी, मग दारात ठेवण्याजोगी. हे झाड मात्र माणसापेक्षा उंच होतं. फांद्या तारेच्या, पानं पातळ जस्ती पत्र्याची. मागच्या अंगणातल्या मोठ्या पिंजऱ्यात त्यांनी ते उभं केलं होतं. पंख मोडल्यामुळे उडता न येणाऱ्या गलाहांसाठी. गलाह म्हणजे गुलाबी छातीचे, करड्या पाठीचे काकाकुवे.

झाड आलं आणि थोड्याच दिवसांत दोन गलाह मेले. आता म्हातारा मेजर तळाशी पिसं फुगवून बसला होता. एरवी माणूस दिसलं की "चहा टाक!" असं खेकसणारा मेजर आज डोळेही उघडत नव्हता.

कुंपणापाशी आरडाओरडा चालूच होता.

"उंदरांचं विष घातलंस तू माझ्या पक्ष्यांना!" पॉप गरजले.

"माझं विष कुलपात आहे, कॉलिन!" पलीकडून शेजारच्या मिसेस ड्राबिक कडाडल्या. "ते सगळ्यात जवळ आहे माझ्या कोंबड्यांना, आणि त्या बघ कशा टुणटुणीत आहेत! तू गावभर सांगत सुटलास. काल बेकरीत कुणी माझ्याशी बोललं नाही. तीस वर्षं राहतेय मी इथे!"

पॉप तणतणत परत आले. टॅम्सिन त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"पॉप, पक्षी पानं चावताहेत. झाड बाहेर काढून बघू या ना!"

"बिया सोडून पत्रा खायला ते वेडे आहेत का? रविवारी कृषी प्रदर्शनाची मंडळी झाड बघायला येणार. मग बघू."

"हे तुम्ही परवाही म्हणालात! तोवर मेजर मेला तर?"

"तर जाब कुंपणापलीकडे विचार!"

टॅम्सिनचे कान तापले.  ती तरातरा स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिजवरचं जाडजूड लोहचुंबक ओढून घेऊन आली.

"जस्ताला चुंबक चिकटत नाही," रीस म्हणाला.

"जस्त वरून नुसतं माखलेलं असतं. आत लोखंड आहे." तिने चुंबक पिशवीत गुंडाळलं. "चल, मेजरची शीट गोळा कर."

"मी? शी! सुट्टीत कुणी असलं करतं?"

"रीस!"

"करतो, करतो! मारू नकोस!"

वाळलेली शीट कुस्करून तिने चुंबक वरून फिरवलं. करडे, टोकदार कण टुणकन उडून पिशवीला चिकटले.

"सापडलं!" रीस ओरडला.

"थांब. वाळूतच लोखंड असेल तर?"

तिने अंगणातल्या वाळूवरून चुंबक फिरवलं. काही नाही. पिंजऱ्यातल्या, पण झाडापासून लांबच्या वाळूवरूनही फिरवलं. तिथेही काही नाही. मग ती उठली. 

"मेजरला डॉक्टरकडे न्यायचं. आत्ताच."

"पॉप नेणार नाहीत. गाडी कुणाची?"

टॅम्सिनने कुंपणाकडे पाहिलं. रीसने तोंडावर हात ठेवला.

पुढचा बेत रीसचा होता. तो शेडमध्ये गेला आणि भाबडा चेहरा करून म्हणाला, "पॉप, मला फांदी पिळायला शिकवा ना!" आजवर कुणी हे विचारलं नव्हतं. पॉप खुलले. पक्कड, तार, शेंड्यापासून बुंध्यापर्यंतचा सगळा धडा सुरू झाला. तेवढ्यात बुटांच्या खोक्यातून मेजर कुंपणापलीकडे गेला.

"मी त्याच्या पोपटाची रुग्णवाहिका!" मिसेस ड्राबिकनी गाडीचं दार आपटलं. "बस पोरी. पट्टा लाव."

त्या दोघी परतल्या तेव्हा रीसचे हात ओरखड्यांनी भरले होते आणि पॉप दुसरी फांदी शिकवत होते.

"शाळा पुरे कर, कॉलिन!" मिसेस ड्राबिक थेट शेडमध्ये शिरल्या.

टॅम्सिनने क्ष-किरणांचं चित्र कामाच्या टेबलावर ठेवलं. मेजरच्या पोटात पांढरे ठिपके होते, साखर सांडावी तसे.

"हा धातू आहे. जस्त रक्तात भिनतं, त्याने पक्षी मरतात. डॉक्टरीणबाईंनी मेजरला ठेवून घेतलंय, औषध सुरू केलंय. वाचेल कदाचित. पॉप, विष कुणी घातलं नाही. विष तुम्ही केलेल्या झाडात आहे!" तिचा आवाज चढत गेला. "दोन गलाह मेले, तरी तुम्ही एकदाही पानाकडे नीट पाहिलं नाहीत! तुम्हाला कुणावर तरी ओरडायचं होतं, बस!"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चुंबकाची युक्ती त्यांनाही सुचली नसती," मिसेस ड्राबिक म्हणाल्या. "या दोघांची पाठ थोपट. माझ्याशी काय बोलायचंय ते तू ठरव."

पॉप चित्राकडे पाहत राहिले.  तेवढ्यात पिंजऱ्यातून बारीक आवाज आला. टिक. टिक. उरलेल्या दोन गलाहांपैकी एक जण फांदीवर बसून आरामात पान कुरतडत होता.

पॉप ताडकन उठले, तसेच पिंजऱ्यात धावले आणि दोन्ही पक्षी उचलून आणून त्यांनी मिसेस ड्राबिकच्या हातात दिले.

"व्हेरा, चुकलो मी. बेकरीत जाऊन सगळ्यांसमोर सांगीन. यांना आजची रात्र तुझ्याकडे ठेव." मग त्यांनी नातवंडांकडे पाहिलं.  "तुम्ही दोघं बरोबर होतात. मी ऐकायला हवं होतं."

"आणि रविवार?" टॅम्सिनने विचारलं. तिचा राग अजून उतरला नव्हता.

पॉपनी भिंतीवरची लांब दांड्याची कात्री काढली.

"रविवारी दाखवायला काही नसेल. झाड कापायचं. आत्ता."