शेंडे खुडण्याचं कारण

त्यांची पहिली भेट झाली तेव्हा ती दाढ काढून परत निघाली होती. तोंडात कापसाचा बोळा, डावा गाल भुलीने झोपलेला. अशा अवस्थेत माणूस सहसा सरळ घरी जातो. पण ती नर्सरीच्या कुंपणापाशी थबकली, कारण आत एक उंच तरुण डॉग फ्लॉवरच्या, म्हणजे दाबलं की जबड्यासारखं तोंड उघडणाऱ्या फुलांच्या, वाफ्यातून एक रोप उपटायला वाकला होता.

"थांबा! उपटू नका!"

त्याने वर पाहिलं. एक अनोळखी मुलगी आपल्याकडे बघून अर्ध्याच ओठांनी हसते आहे, असं त्याला वाटलं. पूर्ण हसण्याइतकी ओळख नव्हती हे खरं… पण अर्ध्याइतकी तरी कुठे होती?

"बिघडलेलं आहे हो हे," तो म्हणाला. "फूल बघा ना — तोंडच नाही. सगळ्या बाजूंनी सारखं. दरवर्षी अशी एक-दोन निघतात, मी उपटून टाकतो."

"दरवर्षी?" तिने कापसाचा बोळा काढून हातात घेतला. प्रेमकथेत हे बरं दिसत नाही, पण तिने घेतला. "मी दोन वर्षं हेच शोधतेय!"

पलीकडे कुंड्या रंगवत बसलेल्या त्याच्या आत्याने मान वर केली. "दोन वर्षं शोधतेय ना पोरगी? मग दे की. चहाही दे."

"आत्या, त्यांची दाढ…"

"मग कोमट दे."

ती विद्यापीठात संशोधन करत होती. काही फुलं गोल का असतात आणि काहींना चेहरा का असतो, हा तिचा विषय. तिची आधीची सगळी गोल फुलांची रोपं दोन वर्षांपूर्वी काचघराचा पंखा बंद पडून करपली होती. सरांनी निक्षून सांगितलं होतं — ठरलेल्या तारखेपर्यंत पहिल्या पिढीचा अहवाल आला नाही, तर विषय बंद.

फुललेलं रोप हलवायचं नाही म्हणून ती रोज सकाळी नर्सरीत येऊ लागली. हातात बारीक कुंचला. कारण जे काम मधमाशीने करायचं, ते या फुलात मधमाशीला जमत नव्हतं. एक आली, भोवती तीन फेऱ्या मारल्या आणि निघून गेली.

"बिचारीला उंबरठाच सापडत नाहीये," तो म्हणाला.

"उंबरठा आहेच कुठे? साध्या फुलाचा खालचा ओठ म्हणजे उंबरठा. त्यावर माशी बसली की तिच्या वजनाने दार उघडतं. वरच्या पाकळ्यांना 'तुम्ही वरच्या' असं सांगणारं जनुक असतं… ते या रोपात गप्प बसलंय. म्हणून पाचही पाकळ्यांना वाटतं, आपण खालच्याच."

"आमच्या घरी उलटं आहे. सगळ्यांना वाटतं, आपण वरचे."

"ऐकू येतंय मला," आत्या म्हणाली.

साध्या फुलाचे पराग कुंचल्यावर घेऊन ती गोल फुलात सोडायची, तो देठ धरायचा.

"तुमचा हात हलतोय."

"फूल हलतंय."

"वारा नाहीये…"

यावर त्याने आकाशाकडे पाहिलं. आकाशाने साक्ष द्यायचं नाकारलं.

"आधी कोण आलं?" त्याने एकदा विचारलं. "गोल फूल, की तोंडवालं?"

"गोल. कोट्यवधी वर्षांपूर्वी सगळीच गोल होती. मग वेगवेगळ्या कुळांत, वेगवेगळ्या वेळी, फुलांनी आपलं तोंड एका बाजूला केलं."

"कोणासाठी?"

"येणाऱ्यासाठी… रोज त्याच बाजूने येणाऱ्यासाठी."

ती रोज फाटकाच्या बाजूने यायची. हल्ली तो फाटकाकडे तोंड करूनच पाणी घालायचा. त्याच्या पाठीमागची रोपं सुकायला लागली होती.

बोंडं धरली, बी पेरलं, चाळीस रोपं वर आली. मधल्या काळात 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. आत्याला तारीख पाठ होती.

मग ती आठ दिवस गावी गेली होती तेव्हा, एका सकाळी, सात रोपांच्या कळ्या उघडल्या. सातही तोंडवाल्या. गोल एकही नाही.

त्याला जनुकांतलं काही कळत नव्हतं. पण शोधायला निघालो गोल आणि निघालं भलतंच, एवढं कळत होतं. म्हणजे तिची दोन वर्षं पाण्यात. आणि ती येणार तरी कशाला आता? अडचणीत सापडलेला माणूस आपल्याला येतं तेच करतो. गिऱ्हाइकाचा समारंभ पुढे गेला की हा रोपांचे शेंडे खुडायचा. फुलं तीन आठवडे लांबायची. त्याने चाळीसच्या चाळीस खुडले. तीन आठवड्यांनी पुन्हा.

"अजून कळ्या कशा नाहीत?" ती काळजीने विचारायची.

"यंदा हवाच तशी…" हवेला कोणी जाब विचारत नाही.

पण तिने एके दिवशी वाकून शेंड्यावरून बोट फिरवलं. बोट थांबलं.

"हे नखाने खुडलंय. कोणी?"

"…मी."

"तू? चार दिवसांवर तारीख आलीय माझी! तुला ठाऊक होतं ना?"

"सगळी साधी निघाली गं. उघडली ती सातही. मला वाटलं, हे तुला कळलं की तू…"

ती पालथ्या कुंडीवर मटकन बसली. "सातही साधी?"

"सातही."

"अरे वेड्या, तशीच यायला हवी होती! पहिल्या पिढीत गोलपणा लपतो. आई-बाप रोपांपैकी एकाचं जनुक बोलत असलं की भागतं. गोल फुलं परत येतात ती दुसऱ्या पिढीत, चारांत एक. मला चाळीस मोजून दाखवायची होती… आणि तू माझं उत्तरच खुडून ठेवलंस!" ती हसत होती की रडत होती, हे विचारण्याची त्याची हिंमत झाली नाही.

"सरांकडे मी येतो," तो म्हणाला. "सांगतो, मी केलं."

सरांना कारण लागायचं, आणि ते लेखी लागायचं. त्यांनी मुदतवाढीचा कागद पुढे सरकवला. "ज्याने उशीर केला त्याने लिहावं."

'विलंबाचे कारण' या रकान्यात त्याने नखांत माती असलेल्या बोटांनी पेन घट्ट धरून लिहिलं: "फुलं येऊन गेली की त्या आमच्याकडे येणं बंद करतील, या भीतीने मी शेंडे दोनदा खुडले. रोपांचा दोष नाही."

तिने वाचलं. परत वाचलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली आणि त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं. खाली दुसरा रकाना होता: 'पुन्हा असे होऊ नये म्हणून योजलेला उपाय'. तिने लिहिलं: "संशोधक यापुढे तिथे येणार नाही. तिथेच राहील. — नर्सरीच्या मालकांची हरकत नसल्यास."

"हरकत नाही!" तो इतक्या मोठ्याने म्हणाला की शेजारच्या खोलीतली टायपिंगची टकटक थांबली.

सरांनी कागद वाचला. चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मग 'तीन आठवडे मंजूर' असं लिहून सही केली.

"ही सही फक्त पहिल्या रकान्यासाठी," ते मान वर न करता म्हणाले. "दुसऱ्यासाठी घरच्यांची लागेल."