सात नंबरचं गवत

बसा जरा जवळ. ही गोष्ट ज्याच्यावर गुदरली तो मंदार म्हणजे आपल्या त्रिवेणीचा नवरा, कुकटपल्लीचा. याच गच्चीवर बसून त्यानं सांगितली. सांगता सांगता हातातला चहा पार गार झाला, तरी त्याच्या ध्यानात नव्हतं.

मंदार शहराबाहेरच्या एका गोल्फ मैदानावर गवताचा साहेब. हसू नका. तिथं गवत तळहाताच्या फोडासारखं जपावं लागतं. पाणी मात्र गटाराचं, शुद्ध करून मैदानातल्या तळ्यात साठवलेलं. त्यात क्षार असतात, म्हणून मोजून द्यायचं. आणि दिवसा खेळ चालतो, म्हणून रात्री द्यायचं. शुद्धीकरण केंद्रावर होता आशिष, मंदारचा कॉलेजपासूनचा दोस्त. पाणी तपासल्याचा कागद रोज तोच पाठवायचा. मैदानावर वॉल्व्ह उघडायला होता यादय्या, अकरा वर्षांपासूनचा जुना माणूस. दर रात्री वॉकीटॉकीवर त्याचा आवाज यायचा, "सार, तीन नंबर खोल्या. सार, चार नंबर खोल्या." खोल्या म्हणजे उघडला.

जानेवारीत सातव्या होलभोवतीचं गवत जळायला लागलं. यादय्या म्हणाला, "सार, रातकू तालाब में कच्चा पानी आरा. बास देखो." म्हणजे रात्री तळ्यात शुद्ध न केलेलं पाणी येतंय, वास घेऊन बघा.

मंदारनं आशिषला विचारलं. आशिष हसला. "अरे, म्हातारा वॉल्व्ह उघडा टाकून झोपतो. जास्त पाणी, जास्त क्षार. आता माझा कागद खोटा आणि तो खरा?"

मंदारनं दोस्ताचं ऐकलं. यादय्याला कामावरून काढलं. यादय्यानं वाद घातला नाही. किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि जाता जाता एवढंच म्हणाला, "सार, एक बार रातकू आके देखना था."

महिन्याभरात तो गेला. झोपेतच. त्याच्या मुलानं फोन करून कळवलं. मंदार मातीला गेला नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

आता ती रात्र. दोन हजार चोवीस साल, मार्चची बारा तारीख, मंगळवार. नवा माणूस सुटीवर होता, म्हणून मंदार स्वतःच वॉल्व्ह उघडायला निघाला. सव्वाएक झाला होता. पाच उघडला. सहा उघडला. सातकडे वळला, तोच कमरेचा वॉकीटॉकी खरखरला.

"सार..."

मंदार जागीच थांबला.

"सार, सात नंबर नक्को खोलो."

तो आवाज त्यानं वर्षानुवर्षं, दर रात्री ऐकलेला. त्यानं बटण दाबलं. "कोण आहे?"

खरखर. मग... काहीच नाही. मग पुन्हा.

"तालाब कने आओ, सार. बत्ती नक्को."

मंदारनं बॅटरी विझवली. पाय आपोआप चालू लागले. मागे कुणीतरी चालत होतं. तो थांबला की ते थांबायचं. वळून पाहायची छाती झाली नाही.

सातच्या जळक्या गवतावर तो उभा राहिला. समोर वीस पावलांवर तळं. काठाला एक माणूस वाकून लोखंडी चाक फिरवत होता. केंद्राकडून आलेल्या पाइपातून काळं पाणी तळ्यात पडू लागलं. घाण वास सुटला.

माणूस उठला. हातातल्या मोबाईलचा उजेड त्याच्या तोंडावर पडला.

"आशिष," मंदार म्हणाला.

आशिष दचकला. मग हळू म्हणाला, "शुद्धीकरणाचं मशीन बंद पडलंय. तीन महिने झाले. वर कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती."

"मग यादय्याची घालवलीस? माझ्या हातून?"

आशिष मंदारकडे बघत नव्हता. त्याच्या खांद्यावरून मागे बघत होता.

"मंदार..."

"काय?"

"तुझ्यामागं... कोण उभं आहे?"

मंदार हलला नाही. मान ताठ. श्वाससुद्धा...

आशिष एक पाऊल मागे सरला. दुसरं. मग मोबाईल तिथंच टाकून पळत सुटला.

सकाळी त्यानं आपण होऊन वरच्या साहेबांपुढं सगळं कबूल केलं. काय दिसलं ते मात्र सांगितलं नाही. मंदार यादय्याच्या घरी गेला. मुलानं दारातच सगळं ऐकून घेतलं, आणि दार लावलं.

पण त्याआधी, उजाडता उजाडता, मंदार सातवर परत गेला होता. जळक्या पिवळ्या गवतात त्याच्या बुटांचे ठसे तसेच होते. आणि त्यांच्या मागे, हातभर अंतरावर, दोन अनवाणी पावलं. तेवढ्याच जागेत गवत फुटलेलं. कोवळं. हिरवंगार.

मंदार गुडघ्यावर बसला. नीट पाहिलं.

पावलं उलटी होती. बोटं त्याच्या बुटांच्या ठशांकडे नव्हती.

टाचा होत्या.