दुसऱ्या पाहुण्याचं नाव

बहरीनमध्ये, गुदैबियातल्या त्या ट्रॅव्हल ऑफिसात अझहर पहिल्यांदा शिरला तो निव्वळ एसीसाठी. ऑगस्टच्या उन्हानं पार करपला होता बिचारा! आणि काउंटरवरच्या नाझिशच्या मागे, भिंतीवर, त्याला दिसलं ते पोस्टर – जॉर्जियाच्या डोंगरातलं जुनं लाकडी लॉज. रेल्वे आली तेव्हा इंजिनवाल्यांसाठी बांधलेलं. मागे नॅशनल पार्कचं रान, पुढे रूळ.

"रत्नागिरीत रेल्वेची शिट्टी ऐकत वाढलो मी," तो म्हणाला. "इथे मुहर्रकला नुसती विमानं. नोकरीच एअरपोर्टवर... काय करणार?"

मग तो येतच राहिला. कधी तारखा विचारायला, कधी उगाचच.

"खिडकी रुळांकडची घेऊ की रानाकडची?"

"रुळांकडची. धुक्यातून गाडी येताना दिसेल."

"मग तीच!" तो हसला, आणि नाझिशनंही हसत ती खिडकी टिपून घेतली.

चौथ्या खेपेला म्हणाला, "यल्ला, चला, करा बुक. खोली दोघांची. दुसरं नाव... नंतर सांगतो."

दोघांची! म्हणजे हा लग्न ठरवून बसलाय, आणि आपण वेड्यासारख्या दाराकडे डोळे लावून! कॉम्प्युटर दुसऱ्या नावाशिवाय पुढे सरकेना, खोली तर शेवटचीच उरलेली. रागारागात तिनं तिथे स्वतःचं नाव टाकलं. उद्या बदलू, झालं.

पण कन्फर्मेशन गेलं थेट अझहरच्या मोबाइलवर. हे तिला कळलं दुसऱ्या दिवशी, तो प्रिंट घेऊन समोर उभा राहिला तेव्हा.

"नाझिश..." त्यानं नावावर बोट ठेवलं.

"या अल्लाह! चूक झाली हो. आत्ता बदलते. सांगा... काय नाव तिचं?" डोळे भरून आले होते, आवाज तरी धड राहावा एवढीच तिची धडपड.

"नका बदलू. माझी अम्मी आत्ता तुमच्याच घरी बसलीय, मागणी घालायला. आधी रीतसर विचारू, मग नाव देऊ, म्हणून थांबलो होतो... तुम्ही तर आधीच हो म्हणून टाकलंत!"

"मी कुठे हो म्हटलं?"

"मग नाही म्हणा. मी एकटाच बसेन खिडकीत, मालगाडीचे डबे मोजत."

नाझिशला हसू आवरेना. आवडत होता तो, अगदी पहिल्या दिवसापासून – आता लपवून काय उपयोग? तिनं खणातून लीव्हचा फॉर्म काढला, लॉजच्या त्याच तारखा भरल्या, आणि कारणाच्या रकान्यावर हात आडवा धरून काहीतरी लिहिलं.

"बघू तरी!"

तिनं हळूच हात उचलला. लिहिलं होतं – 'लग्न. माझंच.'