रिकाम्या काचेवरचं बोट

तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, हे घडलेलं आहे. मी भौतिकशास्त्र शिकलेली बाई. वाढवून सांगायची मला सवय नाही.

गेल्या श्रावणातली ही गोष्ट. सिल्वासातल्या आमच्या कारखान्यात एक मशीन बनतं. काचेवर बोट ठेवलं की त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या पडद्यावर उभ्या राहतात. किती खोल आहेत त्यासकट, हलत्या, त्याच क्षणी.

हे मशीन फक्त वाहतं रक्त दाखवतं.

थांबलेलं असेल, तर तिथे काळं दिसतं.

मशीन बाहेर पाठवण्याआधी जोडणाऱ्याने स्वतःचं बोट ठेवून दाखवायचं, ही आमच्याकडची पद्धत. जोडणाऱ्यांतला नवनाथ धुळ्याकडचा. त्याचं बोट पूर्वी कधीतरी प्रेसमध्ये चेमटलं होतं. तिथल्या वाहिन्या व्रणाला वळसा घालून जायच्या. तसं बोट दुसऱ्या कोणाचंच नव्हतं.

काचेवर बोट ठेवून तो दर वेळी म्हणायचा, "जिवंत आहे बरं का, मॅडम. हजेरी लावा!"

त्या श्रावणात पूर आला. किलवणीकडच्या फरशीपुलाजवळ नवनाथची बाइक सापडली.

नवनाथ सापडला नाही.

त्याची बायको वैशाली आमच्याकडेच पॅकिंगला आहे. शोध चालू असतानाही ती कामावर आली. "घरी बसून भिंतीच बघायच्या ना," म्हणाली.

दुपारची जेवणाची सुट्टी. हॉलमध्ये आम्ही दोघीच. नवनाथने जोडलेलं शेवटचं मशीन मी तपासायला चालू केलं. काच रिकामी होती. पडदा काळा असायला हवा होता...

नव्हता.

पडद्यावर बोट होतं. त्यात रक्त वाहत होतं.

मध्ये व्रण... आणि त्याला वळसा.

जुनं चित्र अडकलं असेल, म्हणून मी मेमरी रिकामी केली. काच पुसली. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं.

बोट तिथेच.

"मॅडम..." वैशाली माझ्या मागे उभी होती. "हे आमच्या ह्यांचं आहे ना?"

मी पुन्हा काच पुसू लागले.

"वाहतंय म्हणजे जिवंत आहेत. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

मी अडवायच्या आत तिने काचेवर बोट ठेवलं.

पडद्यावर आता दोन बोटं. त्याचं हळूच सरकलं... आणि तिच्या बोटाला टेकलं.

"गरम आहे हो," ती कुजबुजली. मग काचेकडे वाकून म्हणाली, "अहो, घरी या ना."

व्रणापाशी रक्त मंदावलं.

थांबलं.

पडदा काळा झाला. पूर्ण काळा...

वैशालीचं बोट अजून काचेवरच होतं.

संध्याकाळी नवनाथचं प्रेत सापडलं. डॉक्टर म्हणाले, जाऊन दोन दिवस झालेत.

वैशाली आता नवनाथच्या जागेवर मशीन जोडते. तिची दहाही बोटं मी वेगवेगळ्या मशीनवर पाहिली आहेत. माझं रक्त दिसतं. बाकी सगळ्यांचं दिसतं. तिचं दिसत नाही. टोचलं तर रक्त येतं. तिची नाडी मी स्वतः धरून पाहिली, व्यवस्थित लागते. मशीनमधला दोष मी अजून शोधते आहे.

काल तिने नवीन मशीन पुरं केलं. काचेवर बोट ठेवलं. माझ्याकडे बघून हसली.

"जिवंत आहे बरं का, मॅडम. हजेरी लावा."

मी लावली.

पडदा काळा होता.